आदी तुमी माझा काढा

नांदूरघाटच्या भानुदास फोटोवाल्याकडे फोटो काढायला गेलात, तर तो आधी कॅमेरा तुमच्याच हातात देतो. 'आदी तुमी माझा काढा,' म्हणतो आणि स्वतः पडद्यापुढे जाऊन उभा राहतो. परीक्षेच्या फॉर्मची घाई असो की नवरदेव ताटकळत असो, सुटका नाही. त्यामुळे स्टुडिओच्या भिंतींवर गिऱ्हाइकं कमी आणि भानुदासच जास्त. कुठे मुंडकं उडालेलं, कुठे नुसता कान. एका पुढाऱ्याने त्याच्या फक्त चपला टिपल्या. 'इलेक्शन जवळ होतं, नजर पायांवरच असनार,' भानुदास सांगतो.

लोक म्हणतात, सरकलंय. तसं नाही. ही सवय कशी लागली ते मला ठाऊक आहे, आणि आजवर मी गप्प राहिलो.

दुष्काळाच्या एका वर्षी आमच्या दूध सोसायटीने चारा छावणी चालवली. मी सोसायटीचा सचिव. कोंडाबाई चार म्हशी घेऊन छावणीत आली आणि आठवड्याभरात सगळी छावणीच तिच्या तोंडाच्या जोरावर चालू लागली. भानुदास तिचे फोटो कित्येक वर्षं काढत होता. बाजारात, शेळ्यांमागे, भांडताना. 'कॅमेऱ्याला न भिणारं तालुक्यात एकच तोंड हाय,' म्हणायचा. भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. एकट्या माणसाचा तेवढाच सण.

एकदा कडबा टाकताना तिच्या डोळ्यात कुसळ गेलं. खाली बसून ती पदराने डोळा पुसू लागली. 'थांबा, भाऊ,' म्हणाली. भानुदासने तेवढ्यात फोटो काढला.

तो फोटो मी त्याच्या टेबलावरून न विचारता उचलला आणि सोसायटीच्या अहवालाच्या कव्हरवर छापला. खालची ओळही माझीच: 'दुष्काळाने खचलेली भगिनी.'

गाव तिला 'खचलेली' म्हणूनच हाक मारू लागलं. ती अहवाल घेऊन स्टुडिओत आली, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो.

'भाऊ, मी कवा खचले?' एवढंच तिने विचारलं.

भानुदासने माझ्याकडे पाहिलं. मी बशीत पाहिलं. चार लोकांत अब्रू जाईल, ही भीती.

'चुकलं, ताई,' तो म्हणाला.

त्यानंतर ती स्टुडिओची पायरी चढली नाही. भाऊबीजही संपली.

माझं नाव का घेतलं नाहीस, असं मी नंतर विचारलं. 'छापला तुमी, पन काढला मी. ती थांबा म्हनली होती.' दुसऱ्या दिवसापासून कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हातात. कुणी रोखून पाहिलं की कसं वाटतं, ते आधी आपण सोसायचं, म्हणे.

पंधरा वर्षं झाली. परवा कोंडाबाईच्या दारात जाऊन मी सगळं सांगितलं. ती खाली मान घालून शेंगा फोडत राहिली.

'सचिवसाहेब, लई उशीर केला,' म्हणाली आणि उठून चपला घातल्या. 'चला.'

तिला दारात पाहून भानुदास खुर्चीतून उठला. सवयीने त्याने कॅमेरा पुढे केला आणि पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. तिने कॅमेरा डोळ्याला लावला तो बराच वेळ खाली घेतलाच नाही.

'लई वाळलात की, भाऊ.'

खटका वाजला. मग ती पडद्यापुढे गेली, पदर सारखा करून ताठ उभी राहिली. भानुदासने कॅमेरा उचलला, खाली घेतला, काच पुसली, मग डोळे पुसले.

'हात कापतोय, ताई. फोटो हलंल.'

'हलू द्या,' ती म्हणाली. 'मी हाय की हितं.'