आहेरभाऊंची रविवारची चूक

आमच्या लिफ्टमध्ये आहेरभाऊ वजनकाट्यावर उभे असले, तर आत शिरणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं. काटा त्यांचा स्वतःचा, घरून आणलेला. एकदा मी भाजीच्या रिकाम्या पिशव्या घेऊन खाली निघालेली, आणि हे मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे टक लावून उभे.

"निघताना चार किलो कमी झालो, ताई! मध्ये परत होतो तेवढाच!"

"मग मी भात कशाला सोडू? लिफ्टमध्येच राहते."

"उपयोग नाही. निघतानाच्या क्षणापुरतंच असतं ते. आधी बाण काढा, म्हणजे कळेल."

'आधी बाण काढा' हे त्यांचं ब्रह्मवाक्य. वस्तूचा एक चौकोन काढायचा, आणि तिला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, त्याचे बाण दाखवायचे. "आकडे मागून. आकडे काय, कॅल्क्युलेटरपण करतो."

मागे पार्किंगमध्ये एकाची गाडी दुसऱ्याच्या गाडीवर आदळली आणि दोघांची जुंपली. आहेरभाऊंनी नोटीस बोर्डावर खडूने दोन चौकोन काढले. "ह्याने त्याला जितकं ढकललं, तितकंच त्याने ह्याला. मग भांडण कशाचं?" दोघं आपलं भांडण विसरले आणि मिळून ह्यांच्यावर धावून आले. तर हा माणूस जिन्यात मला म्हणतो, "बघा ताई, बाण एका दिशेला झाले!"

आहेरभाऊ मूळचे सटाण्याकडचे. नाशिकच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं अटेंडंट होते. शिक्षण दहावी. पण काळे सरांची तीच लेक्चरं दरवर्षी दाराआडून ऐकून ऐकून न्यूटन त्यांच्या घरचाच झाला. रिटायर झाल्यावर आता प्रश्न सोडवत बसतात आणि समोर येईल त्याला धरतात. मी शाळेत मराठी शिकवायचे, विज्ञानाशी माझं कधीच जमलं नाही. म्हणून तर मी त्यांचं आवडतं गिऱ्हाईक!

एका संध्याकाळी खाली पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू उंच उडाला. "ताई, टोकाला तो क्षणभर थांबतो. तेव्हा त्याचं त्वरण किती?"

"शून्य. थांबलाय ना?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "थांबला म्हणून पृथ्वीने ओढायचं सोडलं का? सोडलं असतं तर तिथेच लटकला असता! त्वरण तेवढंच. इतलं सोपं शे!" खुशीत आले की ते अहिराणीवर येतात. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा मला फिजिक्समधलं काहीतरी कळलं.

पुढच्याच रविवारी लोणच्याची वाटी द्यायला मी त्यांच्याकडे गेले. फोन टेबलावर, स्पीकर चालू, आणि आहेरभाऊ शाळेतल्या पोरासारखे ताठ बसलेले. "सर, टोकाला चेंडू थांबतो, म्हणजे त्वरण शून्यच की."

मला राहवेना. "अहो आहेरभाऊ, शून्य कसं? परवा तुम्हीच तर सांगितलंत मला!"

फोनमधला म्हातारा आवाज 'अरे आहेर' म्हणून चढलाच होता, तो अडला. "बाई म्हणतायत ते बरोबर आहे," एवढं बोलून फोन बंद झाला.

"काय केलंत ताई हे!" आहेरभाऊ माझ्यावर ओरडले. मला रागच आला. चूक सुधारली हा काय माझा गुन्हा? तेव्हा त्यांनी एक जुनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. डाव्या पानावर प्रश्न, सुबक बाण, अचूक उत्तर. उजव्या पानावर त्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर, वर लिहिलेलं, 'रविवारसाठी'.

"काळे सरांच्या पत्नी गेल्यापासून ते पुण्याला मुलीकडे असतात. कुणाशी बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. 'कसे आहात' विचारलं की 'बरा आहे' म्हणून फोन ठेवतात. पण मी चुकलो की अर्धा तास झापतात. त्या दिवशी जेवतात, असं मुलगी सांगते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवडाभर काट्यासकट आहेरभाऊ लिफ्टमधून गायब. रविवारी मीच त्यांची बेल वाजवली. "चूक हवीय ना? माझी घ्या. माझ्याकडे भरपूर आहेत."

त्यांनी आतून तांब्याची नळी आणि एक चुंबक आणलं. "हे तांब्याला चिकटत नाही. बघा हवं तर. मग नळीतून सोडलं, तर कसं पडेल?"

"चिकटतच नाही, तर धाडकन पडेल."

"वा! काय सुंदर चुकलात ताई!" त्यांनी लगेच फोन लावला आणि 'सर, शेजारच्या मराठीच्या बाई' म्हणत माझ्यापुढे धरला.

मी प्रश्न आणि माझं उत्तर सांगितलं. पलीकडून एकदम, "धाडकन? आहेर, ती नळी आहे ना तुझ्याकडे? सोड बघू! बाई, तुम्ही एक, दोन मोजा!"

चुंबक सोडलं. मी चारपर्यंत मोजलं तेव्हा कुठे ते सावकाश खाली आलं. पुढे पंचवीस मिनिटं सरांचा आवाज चढत गेला. पडत्या चुंबकामुळे तांब्यात वीज कशी फिरते, तीच त्याला कशी अडवते, आणि मराठीच्या बाई इतक्या अडाणी कशा! आहेरभाऊ डोळे मिटून ऐकत होते.

शेवटी सर थांबले. "बाई, खरं सांगा. ही चूक तुमची स्वतःची, का आहेरने पढवलेली?"

"माझीच, सर."

"वाटलंच. त्याच्या चुका मला ओळखू येतात. एकतीस वर्षांत माझ्या लॅबमध्ये एकदाही चुकला नाही तो." मग म्हणाले, "आहेर, पुढच्या रविवारी फोन करशील ना रे?"

"हो सर," आहेरभाऊ म्हणाले.

फोन ठेवून ते बराच वेळ नळी पुसत बसले. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "माहीत होतं त्यांना, ताई. तरी अर्धा-अर्धा तास झापायचे मला."