दामले गार्डांची पेटी

दामले गार्डांच्या व्हरांड्यात कुत्र्याची पेटी आहे, कुत्रा नाही. गाडीच्या शेवटी गार्डाच्या डब्यात कुत्री नेण्यासाठी जी बुटकी, जाळीच्या दाराची पेटी असते, हुबेहूब तशी. रिटायर झाल्यावर त्यांनी ती बडा बाजारातल्या एका सुताराकडून मापात करून घेतली. सुताराने विचारलं, "गार्डसाहब, कुत्ता कौन सा है?" हे म्हणाले, "कुत्ते का क्या काम? तुम पेटी बनाओ."

झाशीच्या रेल्वे कॉलनीत त्यांना चक्रम म्हणतात. म्हणोत. मी हिशेब खात्यातला माणूस आहे. पडताळून पाहिल्याशिवाय कुठल्याही आकड्याखाली सही करत नाही. त्या पेटीत मी स्वतः बसलेलो आहे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसच्या कपड्यांत, शेजाऱ्यांच्या देखत. वेळ आली तर पुन्हा बसेन.

झालं असं, की आमच्या मीनाला आणि बाळूला कुत्रं हवं होतं. मीना नऊ वर्षांची, बाळू सहाचा. "बाबा, छोटावाला! एकदम छोटावाला!" आमच्या मुलांना मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र जे आधी तोंडात येईल ते. आमची ही म्हणाली, "आणा, पण कणकेच्या परातीत तोंड घालणारं नको."

मी रीतसर तक्ता केला. उभ्या रकान्यांत वजन, उंची, केस, भुंकणं, मुलांशी वागणूक. आडव्या ओळींत लहान कुत्र्यांच्या जाती. शेवटचा रकाना काही भरेना, कारण कुत्रं विकणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "बच्चों के साथ तो गाय है, गाय." तेव्हा दामल्यांकडे गेलो. उभी नोकरी लोकांची कुत्री इकडून तिकडे नेण्यात गेलेला माणूस. मुलंही बरोबर होती.

तक्ता त्यांनी चष्मा न लावता पाहिला, म्हणजे पाहिलाच नाही. "वाचा," म्हणाले.

"पामेरियन."

"झाशी ते बीना भुंकलं. बीनाला पाणी प्यालं. मग बीना ते भोपाळ भुंकलं. उद्या पोराला ताप आला, झोप पाहिजे, तेव्हा काय कराल? पुढे."

"डॅशहाउंड."

"ते लांबट? तुमचा बाळू त्याला मधोमध धरून उचलणार, ते दोन्हीकडून लोंबणार, पाठ कामातून गेली. पुढे."

"टेरियर."

"एका ड्रायव्हरसाहेबाचं नेलं होतं. ललितपूरला पाहतो तर पेटीची फळी खाल्लेली. गुणी जनावर, पण त्याला दिवसभर काम लागतं. तुम्ही ऑफिसात, पोरं शाळेत. ते काय तुमचे तक्ते तपासणार? पुढे."

"ल्हासा. मऊ असतं म्हणतात."

"मे महिन्यात? झाशीत? अंगावर ती रजई घेऊन? एकदा नेलंय मी. प्रत्येक स्टेशनला उतरून पोतं भिजवायचं आणि पेटीवर टाकायचं. गाडीपेक्षा मी जास्त धावलो." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "लहानच का पाहिजे?"

मी सरळ उत्तर दिलं, "जागा लहान आहे."

दामले उठून उभे राहिले. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. कॉलनीत बदलीची ऑर्डर आली की लोक ट्रंका भरतात, तुळशीची कुंडीसुद्धा सुतळीने बांधून घेतात, आणि कुत्रं दाराशी सोडून निघतात. विचारलं तर म्हणतात, काय करणार, नव्या ठिकाणी जागा लहान आहे हो.

"जागा लहान!" दामले गरजले. "ही पेटी केवढी आहे? एवढ्याच पेटीत अल्सेशियन वेटोळं करून मुंबईला गेलाय! बसा, हिशेबवाले."

"बसलोय की."

"खुर्चीत नाही. पेटीत."

मला थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. "तुमचीही बदली कधीतरी होणारच. ज्याला जनावर पेटीत घालून न्यायचंय, त्यानं आधी स्वतः बसून पाहावं. नसेल बसायचं तर पोरांना चिनी मातीचं कुत्रं आणून द्या."

मुलं माझ्याकडे बघत होती. बसलो. गुडघे हनुवटीला, मान वाकडी. त्यांनी दार लावून वर कडी घातली. तेवढ्यात समोरून आमचे शेजारी सक्सेनाजी सायकलवरून चालले होते. त्यांनी एक पाय टेकला. "भाईसाहब, सब ठीक?"

"ठीक है," मी आतून म्हणालो. "कुत्ता देख रहे हैं."

पेटीतून फक्त पाय दिसतात. कोणाचे, ते कळत नाही. सक्सेनाजींची सायकल गेली, बाकीचे पायही बाजूला झाले, आणि माझ्या छातीत धडधडू लागलं. हसायचं त्याने हसावं. मग दामले पेटीजवळ उकिडवे बसले आणि त्यांच्या नेहमीच्या नव्हे अशा खालच्या आवाजात म्हणाले, "आहे मी इथे. बबीना स्टेशन गेलं. आता तालबेहट येईल. आहे मी."

धडधड थांबली.

बाहेर आल्यावर मीनाने विचारलं, "बाबा, डर लगा?"

"लागला," मी म्हणालो.

"पास," दामले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एका रिकाम्या क्वार्टरपाशी नेलं. तिथला इन्स्पेक्टर बदलून गेला होता आणि त्याचं कुत्रं अजून बंद दाराशी बसलेलं होतं. लहानखुरं, तांबूस-पांढरं, एक कान उभा, एक पडलेला. दामले रोज त्याला पोळी घालत आणि 'पार्सल' म्हणत, कारण सोडवून न्यायला कोणी आलं नव्हतं. बाळूने गेल्या गेल्या त्याची शेपटी ओढली. पार्सलने शेपटी सोडवून घेतली, उठलं, बाळूला वळसा घालून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलं.

"बघितलंत? चावलं नाही, पळालं नाही. जागा बदलली. पोरांच्या घरात हेच पाहिजे. लिहा तुमच्या रकान्यात."

मीनाने विचारलं, "गार्डआजोबा, मग तुम्हीच का नाही पाळत?"

"मी सदुसष्ट वर्षांचा. हे दोनचं. कुत्रं चौदा-पंधरा वर्षं जगतं. कर हिशेब, नाही जमलं तर बापाला विचार."

मीनाने बोटांवर मोजलं आणि ती पार्सलजवळ जाऊन बसली.

आम्ही पार्सलला घेऊन येताना सक्सेनाजी फाटकात उभे होते. त्यांच्या घरी पामेरियन. "नस्ल कौन सी है?"

मी तक्ता आठवू लागलो. दामल्यांनी उत्तर देऊन टाकलं. "झाँसी जंक्शन. दिल्ली लाइन के कान, बंबई लाइन के पैर, कानपुर लाइन की पूँछ."

"लेना ही था तो कोई ढंग का लेते," सक्सेनाजी मला म्हणाले.

"ढंग का ही लिया है," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात न पडताळता केलेलं हे पहिलंच विधान. पुढे ते तंतोतंत जुळलं. बाळूच्या गोवरात ते कुत्रं खाटेखालून हललं नाही, आणि परातीत त्याने कधी तोंड घातलं नाही.

तीन वर्षांनी माझी बदली भुसावळला झाली. सक्सेनाजींनी विचारलं, "इसे तो छोड़ जाओगे?" मी पार्सलचं कुत्र्याचं तिकीट काढून आणलं आणि त्यांना दाखवलं.

निघायच्या दिवशी प्लॅटफॉर्मवर दामले हजर. अंगात जुना काळा कोट, काखेत पोतं, खिशात बीनापर्यंतचं तिकीट. पार्सलला त्यांनी स्वतः पेटीत बसवलं आणि आपणही गार्डाच्या डब्यात चढू लागले. ड्यूटीवरचा गार्ड कधीकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो चाचरत म्हणाला, "दामलेजी, बाहर का आदमी यहाँ... नियम नहीं है."

"नियम तुझे सिखाया किसने?"

"आपने."

"तो सरक."

मी नियमाचा माणूस आहे. त्या वेळी मी प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ पाहत राहिलो.

बीनाला पाण्याचा लोटा घेऊन मागे धावलो. डब्याचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून तोच खालचा आवाज येत होता. "आहे मी इथे. करोंदा गेलं, आता हे बीना. इथे मी उतरणार. तू नाही उतरायचं. तुला नेतायत."

मी लोटा आत दिला. "काका, तुम्हीही पुढे चला ना. मुलगा नाशिकला असतो ना तुमचा? भुसावळहून थेट गाडी मिळेल. चार दिवस राहून या."

दामल्यांनी पोतं भिजवलं, पिळलं, पेटीवर पसरलं, चारही कोपरे नीट ओढले.

"त्याची जागा लहान आहे," ते म्हणाले.

आवाज चढला नाही. गाडीने शिट्टी दिली तशी ते उतरले, आणि झाशीकडे जाणाऱ्या गाडीच्या प्लॅटफॉर्मकडे चालू लागले. वळून पाहिलं नाही.

भुसावळचं क्वार्टर झाशीच्याहून लहान आहे. आल्या आल्या मी फितीने मोजलं. मागच्या खोलीत खिडकीखाली सहा बाय अडीचची खाट बसते, जायला-यायला वाट उरते आणि खाटेखाली पार्सल मावतं. पुन्हा मोजलं, तेच आलं. दामल्यांना तसं कळवलं आहे. उत्तर अजून नाही. इथले शेजारी म्हणतात, म्हातारी माणसं आपलं ठिकाण सोडत नसतात, उगाच कशाला अडचण करून ठेवता?

अडचण होत नाही. खाट टाकलेली आहे, आणि ती तिथेच राहील.