एकेकानं जावा

गुंडूअण्णा आमच्या इमारतीतल्या कुणालाही जोडीनं रस्ता ओलांडू देत नाहीत. फाटकाशी हात आडवा घालतात. "एकेकानं जावा. पोचलासा की हात वर करा." मार्च लागला की वर आणखी एक, दहाच्या आत जावा, उन्हानं वरचा थर सुटतो. समोर काय, तर बंगळूरमधल्या बसवनगुडीचा रस्ता, दोन रिक्षा आणि एक शहाळीवाला.

अण्णा निपाणीचे, पण नोकरी सगळी हिमालयात, बर्फाच्या चौकीवर. बर्फात खड्डा खणायचा, थर तपासायचे आणि आज कुठला उतार कोसळेल ते खाली कळवायचं. निवृत्त झाले, बायको गेली, आता इथे एकटेच असतात. चौकी मात्र डोक्यातून गेली नाही. रोज सकाळी फोनवर तिकडचं हवामान बघून मला गाठतात. रात्री गोठलं नाही म्हणे, म्हणजे पाणी आत मुरणार आणि वरचा सगळा बर्फ घसरणार. अहो, मी पुण्याहून इथे नोकरीला आलेली बाई, मला इंदिरानगरला ऑफिस गाठायचंय!

बरं, माणूस रस्त्यात उतरला की पलीकडे पोचेपर्यंत अण्णा त्याच्यावरून नजर काढत नाहीत. तळमजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडानं तक्रार केली, म्हातारा टक लावून बघतो. मीटिंगमध्ये ठरलं, त्यांना फाटकाशी उभं राहणं बंद करायला सांगायचं. आणि सांगायचं मी, का तर आमची भाषा एक. घ्या!

गेले, सांगून टाकलं.

"बर्फावर एकानं चालायचं, बाकीच्यांनी बघायचं," अण्णा म्हणाले. "गाडला गेला तर शेवटी जिथं दिसला, तिथनं शोधायला घेतात. असाच चैत्र होता. माझा जोडीदार उतारावर होता. मी स्वल्प खाली वाकलो, बुटाची नाडी बांधायला. वर बघितलं तर कुणी नाही. सगळे विचारत होते, शेवटी कुठं दिसला? मला सांगता येईना."

मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्यापासनं नाही बघत."

मला माझीच लाज वाटली. रात्रभर ती नाडी डोक्यातून जाईना.

सकाळी निघाले तर अण्णा पिशवी घेऊन दुधाला चालले होते. रस्त्याच्या मध्यावर थबकले आणि मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना पलीकडे पोचवलं या माणसानं, पण त्यांना जाताना आमच्यापैकी कुणी कधी बघितलं नव्हतं. मी फाटकाशीच उभी राहिले. ते पोचेपर्यंत नजर हलवली नाही. पोचल्यावर त्यांनी हात वर केला.

मग मी ओलांडणार हे बघून त्यांनी चटकन पाठ फिरवली. कबूल केलं होतं ना, बघणार नाही म्हणून.

"अण्णा," मी इकडून हाक मारली, "मी निघतेय. बघा."