अनामिकाचा जाहीर सत्कार

नाव लपवायचं असेल तर माणसाकडे आधी नाव असावं लागतं. ज्याला कुणीच ओळखत नाही त्याला निनावी राहता येत नाही. तो नुसता राहतो. बडोद्यातले बहुसंख्य नागरिक कसलाही खटाटोप न करता आयुष्यभर अपरिचित राहतात, आणि त्यासाठी त्यांना कुणी कलावंत म्हणत नाही.

हंबीरराव शितोळ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांचे पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते. पुढे त्या तोफा सलामीपुरत्याच उरल्या, त्यामुळे बराचसा दारूगोळा घराण्याच्या रक्तात साठून राहिला असावा. तो हंबीररावांनी १९८४ साली इलेक्ट्रिक गिटारीतून बाहेर काढला. बँडचं नाव ‘तोफखाना’. चाळीस वर्षांत या बँडने गणपतीचे मांडव, कॉलेजांची गॅदरिंगं, एका कारखान्याचा सुरक्षा सप्ताह (कानात घालायची बोंडं कारखान्यानेच वाटली) आणि सतरा लग्नं वाजवली. त्यातली चौदा टिकली.

‘पेटव रे’ हे त्यांचं गाणं तर शहराच्या मालकीचं झालं होतं. मांडवीत भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाला हात जोडायचा, “हंबीरभाई, एक वार ‘पेटव रे’ थई जाय!” मग हंबीरराव मेथीची जुडी माइकसारखी धरून दोन ओळी म्हणत. लोक टाळ्या वाजवत. टाळ्या गाणं संपायच्या आधीच सुरू होत, कधी कधी गाणं सुरू व्हायच्याही आधी.

एकसष्टी झाली आणि नेमकी हीच गोष्ट हंबीररावांना खुपायला लागली. टाळ्या संगीताला मिळतात, की पाठीवर रुळणाऱ्या पांढऱ्या पोनीटेलला? आपलं नाव काढून घेतलं, तर मागे जे उरतं ते चांगलं आहे का? एवढा एकच प्रश्न होता, पण त्याने त्यांचं जेवण कमी झालं. विजयमालाबाईंनी डॉक्टर सुचवला. हंबीररावांनी लॅपटॉप घेतला.

नाव न लावता नवं संगीत करायचं, आणि तेही असं, की ‘तोफखाना’चा संशयसुद्धा येऊ नये. म्हणून त्यांनी अँबियंट हा प्रकार निवडला. अँबियंट म्हणजे ज्यात गाणं सुरू होण्याची वाट पाहणं हेच गाणं असतं, असं इलेक्ट्रॉनिक संगीत. त्यात ताल नसतो, शब्द नसतात आणि ते सुरू झाल्याचा भक्कम पुरावा नसतो. ऐकताना डोळे मिटायचे असतात. श्रोत्याला झोप लागली तर तो कलाकाराचा गौरव समजतात. (हाच निकष शाळांना लावला, तर आपल्याकडचे कितीतरी शिक्षक जागतिक कीर्तीचे ठरतील.)

कच्चा माल घरचाच होता. फ्रिजची घरघर, सोसायटीच्या पाण्याची मोटार, आणि नंदेसरीतल्या एका कारखान्याच्या भिंतीबाहेर उभं राहून टिपलेला ब्लोअरचा आवाज. रखवालदाराने दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा त्याने ओळखलं आणि ‘पेटव रे’ म्हणायला लावलं. हे सगळे आवाज हंबीररावांनी सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून आठ महिने ताणले.

“अहो, मोटार बंद करा, टाकी वाहतेय!” विजयमालाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

“ती मोटार नाही. भाग दुसरा आहे.”

“मग भाग दुसरा बंद करा. खालच्या बाल्कनीत पाणी पडतंय.”

ती मोटारच होती. हंबीररावांना मात्र फार समाधान वाटलं; कलेने वास्तवाची बरोबरी केली होती. खालच्या बाल्कनीचं मत वेगळं पडलं.

‘टाकी भरताना’ हा बावन्न मिनिटांचा अल्बम इंटरनेटवर आला. कलाकार : अनामिक. पहिल्या पंधरवड्यात तो नऊ वेळा ऐकला गेला. त्यातल्या सात वेळा खुद्द हंबीररावांनी ऐकला. मग कुठल्याशा थंड देशातल्या रेडिओने तो मध्यरात्रीनंतर वाजवला, आणि हा कलाकार बडोद्याचा मराठी माणूस असल्याचा शोध लागला. पुरावा एकतिसाव्या मिनिटाला होता. तिथे घरघरीच्या मागून एक बाई म्हणते, “कोमल, वर येताना दही लेती ये ने, नि लीलं लसूण पण!” असं मराठी पृथ्वीवर एकाच शहरात बोलतात. (ही बाई म्हणजे विजयमालाबाई. कोमल ही तळमजल्यावरची शेजारीण. दही आलं, हिरवा लसूण विसरली.)

पेपरात बातमी आली आणि हंबीरराव कान टवकारून बसले. आता मत येणार होतं. आठ दिवसांत चहाच्या टपरीवर, बँकेत आणि देवळात त्यांनी या अल्बमविषयी २१४ संभाषणं चोरून ऐकली. त्यांची विभागणी अशी : ‘कोण असेल हो?’ १७१, ‘आपल्यातलाच कुणीतरी’ ३८, ‘रेल्वेतला असेल की रिफायनरीतला?’ ४, आणि एका गृहस्थांना बातमीच्या मागच्या पानावरचं कोडं हवं होतं.

इथे सुभानपुरा मराठी स्नेहवर्धक समाजाने लक्ष घातलं. या समाजात वर्धापनदिनाला सत्कार करावाच लागतो, नाहीतर तो वर्धापनदिन धरला जात नाही. सत्काराला चार गोष्टी लागतात : शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि माणूस. पहिल्या तीन कपाटात होत्या.

“शाल टाकायला खांदा तर पाहिजे ने,” अध्यक्ष संपतराव म्हणाले. ते रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि कुठलीही गोष्ट अर्ज मागवून सुटते यावर त्यांची श्रद्धा होती. सचिव नलिनीताईंनी फलकावर सूचना लावली. अर्जदार मराठी असावा. संगीत अर्जदाराने स्वतः केलेलं असावं. नसल्यास कारण नमूद करावं. अर्जदार अनामिक असल्याने त्याला कुणीही ओळखत नसावं, आणि तसं त्याला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचं पत्र जोडावं.

अकरा अर्ज आले. सहा जणांनी कारण नमूद केलं होतं.

बारावा अर्ज घेऊन हंबीरराव स्वतः गेले. त्यांनी तीन रात्री विचार केला होता. नाव कळेपर्यंत लोक नावाबद्दलच बोलणार. एकदा नाव सांगून टाकलं की निदान संगीताकडे वळतील.

“अरे, हंबीरराव! या, या. नलिनी, चहा सांग!” संपतराव उठून उभे राहिले.

“अर्ज द्यायला आलोय. तो अनामिक मीच.”

नलिनीताई खुदकन हसल्या. “काका, तुम्ही पण ना!”

“अगं, खरंच. लॅपटॉप आणलाय. मूळ रेकॉर्डिंग आहेत, ऐका.”

“ऐकायचं कशाला?” संपतरावांनी चष्मा लावला. “शेवटची अट बघा. तुम्हाला कोण ओळखत नाही, सांगा बरं.”

“पण केलंय मी!”

“केलं असेल हो. त्या अटीत तुम्ही पास आहात, वादच नाही. शेवटच्या अटीत बसत नाही.”

“आणि काका, तुमचं कसं धडाधड असतं. हे किती शांत आहे!”

हंबीरराव पुढे झुकले. “तू ऐकलंस?”

“ऐकलं ने, सुरुवातीचं. मग नेट अडकलं, की गाणंच तसं होतं, काही कळलं नाही.”

“अरे, एकतिसाव्या मिनिटाला आमच्या हिचा आवाज आहे!”

संपतराव विचारात पडले. “वहिनींचा? मग वहिनींनी अर्ज करायला हवा होता. आज तर मुदत संपली.” मग त्यांचा चेहरा उजळला. “असं करा, तुम्ही प्रमुख पाहुणे व्हा. अनामिकाला शाल घालायला नामवंत माणूस लागतोच!”

निवड विश्राम पाटणकरांची झाली. त्यांचा अर्ज दोन ओळींचा होता : ‘चौदाव्या मिनिटाला जो आवाज आहे तो आमचा ब्लोअर नंबर तीन. नंदेसरीला एकोणतीस वर्षं मीच सांभाळला.’ त्यांना वाटलं होतं, समाज ब्लोअरचाच सत्कार करतोय. शेवटच्या अटीत तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं : निकाल कळवायला गेलेला शिपाई त्यांच्याच इमारतीचे तीन मजले चढला, तरी कुणी त्याला त्यांचं घर दाखवू शकलं नाही.

समारंभ चोख झाला. स्वागतगीत, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत आणि आभार यांना मिळून एक तास पन्नास मिनिटं लागली. वेळेअभावी संगीत वाजवण्यात आलं नाही. हंबीररावांनी शाल घातली, नारळ दिला, आणि फोटोसाठी थांबले असताना न राहवून विश्रामरावांच्या कानाशी लागले.

“तुम्ही ते पूर्ण ऐकलंत?”

“दोनदा.”

“कसं वाटलं? खरं सांगा.”

विश्रामरावांनी इकडेतिकडे पाहिलं. “पाहुणे, कुणाला बोलू नका. चौदाव्या मिनिटाला बेअरिंग कोरडं आहे. ग्रीस मारायला पाहिजे होतं.”

हंबीररावांचे डोळे भरून आले. पेपरात फोटोखाली छापलं, ‘अनामिकाच्या प्रतिभेने गहिवरलेले ज्येष्ठ रॉक कलावंत’. फोटो झाल्यावर तिथेच लोकाग्रहास्तव ‘पेटव रे’ झालं. टाळ्या नेहमीच्याच जागी, म्हणजे आधी पडल्या.

समाजाच्या अहवालात कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद आहे. ‘टाकी भरताना’ या अल्बमवर आजतागायत व्यक्त झालेली मतं : एकूण एक, विषय ग्रीस. संपतरावांना आणि नलिनीताईंना तुम्ही खुशाल हसा. पण तुम्हीही इथवर आलात ते शाल कुणाच्या खांद्यावर पडते ते बघायलाच. ते बावन्न मिनिटांचं संगीत चांगलं होतं का, हे विचारायचं तुमच्याही मनात आलं नाही. समाजाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. तुमची पात्रता तपासून झालेली आहे.