काटा खाली आला

एका जंगलात एक मोटार होती.

ती तिथं कशी आली, हे विचारू नका. पेट्रोल कोण आणायचं, हेही विचारू नका. गोष्टीतला वाघ बोलतो, दरबार भरवतो, ते तुम्हाला चालतं. मग मोटारीनंच काय घोडं मारलंय?

तर मोटार होती. आणि ती शोभेची नव्हती, गरजेची होती. जंगलाच्या मधोमध एक घाट होता. घाटाच्या अलीकडे सगळी वस्ती आणि पलीकडे वैद्यबुवा. वैद्यबुवा म्हणजे एक म्हातारं कासव. हाताला गुण होता, पण पायाला वेग नव्हता. त्यांना अलीकडे बोलावलं, तर ते येईपर्यंत आजारी एक तर बरा झालेला असायचा, नाही तर उरलेलाच नसायचा. म्हणून आजाऱ्यालाच मोटारीत घालून पलीकडे न्यायची रीत पडली होती.

मोटार चालवायचा मानाजी अस्वल. तिची निगा राखायचा बुधा मिस्त्री. हा बुधा म्हणजे खवल्या मांजर. मोटारीखाली उताणा झोपला तरी त्याच्या पाठीला खडे टोचत नसत. कारागीर एक नंबर. खोड मात्र एक होती. कुणी आवाज चढवला की तो अंगाची गुंडाळी करून चेंडू व्हायचा. मग तासभर उलगडायचा नाही.

मोटारीत मानाजीच्या समोर एक गोल तबकडी होती. तिच्यात काटा. इंजिन थंड असलं की काटा तळाला. इंजिन नीट चालू असलं की मध्यावर. फार तापलं की वर, लाल पट्ट्यात. एवढं तुम्हाला कळलं ना? शाब्बास. तुम्ही दरबारातल्या निम्म्या मंडळींच्या पुढं गेलात.

या जंगलात मोटारीकडे बघायची पद्धत नव्हती. काट्याकडे बघायची होती. रोज सकाळी प्रधानजी मोठ्या खडकावर चढत. प्रधानजी म्हणजे उदमांजर, भारी सुवासिक प्राणी. ते ओरडत, "काटा मध्यावर!" खाली जमलेले सगळे ओरडत, "मध्यावर!" मग महाराज जांभई देत. महाराज म्हणजे वाघ. त्यांनी जांभई दिली की राज्यकारभार सुरू झाला असं समजायचं.

आता सकाळी इंजिन थंड असणार आणि काटा तळाला असणार, हे उघड आहे. पण महाराजांना काटा मध्यावरच आवडायचा. त्यामुळे बिचारा मानाजी पहाटे उठून अर्धा तास मोटार उगाच चालू ठेवायचा. याला सगळे परंपरा म्हणत.

त्या उन्हाळ्यात गोदा हरिणी गाभण होती. तिचा नवरा मागच्या हिवाळ्यात महाराजांच्या जेवणात कामी आला होता. त्याबद्दल दरबारानं तिला शाल दिली होती. शाल चांगली होती, पण शालीशी बोलता येत नाही. गोदाला आता पोटातल्या पाडसाशिवाय कुणी नव्हतं. वैद्यबुवांनी तिला तपासून सांगितलं होतं, "पोरी, पाडस आडवं आहे. कळा सुरू झाल्या की लगेच मोटारीत बसून माझ्याकडे ये. दोन तासांत आलीस तर दोघंही सुखरूप राहाल."

गोदा रोज सकाळी खडकापाशी येऊन उभी राहायची. "काटा मध्यावर" ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आणि एके दिवशी घाटातून परत येताना काटा लाल पट्ट्यात गेला.

मानाजी घाबरला. त्यानं धावत जाऊन प्रधानजींना सांगितलं.

"लाल पट्ट्यात?" प्रधानजी म्हणाले. "आणखी कुणी पाहिलं?"

"न्हाई जी. म्या एकल्यानंच."

"मग अजून वेळ गेलेली नाही. मिस्त्रीला बोलवा."

बुधा आला. आल्या आल्या त्यानं काहीच केलं नाही. मोटारीशेजारी बसून राहिला.

"बसलायस काय?" प्रधानजी म्हणाले. "झाकण उघड."

"तापल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतंय, प्रधानजी. निवू द्या."

प्रधानजी दोन पावलं मागं सरकले. मोटार निवल्यावर बुधानं आधी काट्याची परीक्षा घेतली. इंजिनाला चिकटलेली एक वायर त्यानं हळूच काढली आणि मोटारीची चावी फिरवली. काटा सपशेल तळाला. वायरचं टोक लोखंडाला टेकवलं. काटा थेट लाल पट्ट्यात.

"काटा खरं बोलतोय," बुधा म्हणाला. "काट्याचा दोष न्हाई."

प्रधानजींचे डोळे चमकले. "ती वायर काढल्यावर काटा खाली गेला ना? मग ती काढलेलीच राहू दे की!"

"मग इंजिन तापल्यालं कळायचं कसं?"

"कळायला कशाला हवं?"

बुधानं वायर गपचूप परत लावली. लावली ते कुणाला सांगितलं नाही. भित्र्या माणसाचं, म्हणजे प्राण्याचं, शौर्य एवढंच असतं. पण तेवढं तरी त्यानं दाखवलं.

मग तो कामाला लागला. रेडिएटरमध्ये पाहिलं, तर पाणी अर्धं. पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. इंजिन चालू करून वरच्या पाइपाला हात लावला, गरम. खालच्याला लावला, तोही गरम. म्हणजे पाणी फिरत होतं. मग कमी कसं झालं? जमिनीवर तर एक थेंब नव्हता. बुधा मोटारीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मानाजीदादा," आतूनच त्यानं विचारलं, "रोज वरून पाणी घालतोस का रं?"

"घालतो की. आधी तांब्याभर घालायचो. आता बादली लागती."

"कवापास्नं?"

"होळीपास्नं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

मानाजीनं मान खाली घातली. "कुणी काटा सोडून दुसरं काय विचारतंय का, मिस्त्री? काटा मध्यावर हुता."

बुधा बाहेर आला. त्याच्या नाकाला वाळल्या पाण्याचे पांढरट क्षार लागले होते. "वॉटर पंप गळतोय. पाणी तापल्या इंजिनावर पडतंय आणि वाफ हून जातंय. म्हणून खाली ओल दिसत न्हाई. नवा पंप बसवाय पायजे. आठ दिस मोटार बंद ठेवा. तवर वैद्यबुवांना अलीकडं आणून ठिवू. मोटार हळूहळू, थांबत थांबत, पाणी घालत एकदा जाऊन यील."

काय साधी गोष्ट होती बघा. आठ दिवस. एक पंप. वैद्यबुवांना तर मोटारीत बसायची हौसच होती.

पण प्रधानजींनी आवाज चढवला. "मोटार बंद? महाराजांच्या राज्यात मोटार बंद आहे, असं मी खडकावरून ओरडू? शेजारच्या जंगलात काय म्हणतील?"

बुधाचा चेंडू झाला.

प्रकरण दरबारात गेलं. महाराजांनी विचारलं, "दोष कशाचा?"

"रंगाचा, महाराज," प्रधानजी म्हणाले. "काटा जिथं जातो तिथं लाल पट्टा आहे. लाल रंगानं प्रजेत घबराट पसरते."

लगेच तीन पोपटांची समिती नेमली गेली. समितीनं दोन दिवस पेरू खाल्ले आणि एकमतानं शिफारस केली, की पट्टा हिरवा करावा. पानांचा रस काढून तबकडीच्या काचेवर फासण्यात आला. तळापासून वरपर्यंत सगळी तबकडी हिरवीगार.

दुसऱ्या दिवशी खडकावरून नवी आरोळी आली. "काटा हिरव्यात!"

"हिरव्यात!" सगळे ओरडले. गोदाही ओरडली. तिला वाटलं, मोटार दुरुस्त झाली. का वाटू नये? हिरवं म्हणजे चांगलं, हे हरणाला कुणी शिकवावं लागत नाही.

बुधाला मात्र चैन पडेना. त्यानं पाच मोठे भोपळे कोरले, पाण्यानं भरले आणि मोटारीत ठेवून दिले. मानाजीला म्हणाला, "घाटात तीनदा थांबायचं. इंजिन निववायचं, पाणी घालायचं, मग म्होरं."

चार दिवसांनी, ऐन दुपारी, गोदाला कळा सुरू झाल्या.

तिला मोटारीत मागं झोपवलं. मानाजी पुढं बसला. बुधा त्याच्या शेजारी. एवढ्यात प्रधानजी आले. काट्याची खबर दरबाराला पोहोचवायची म्हणून त्यांनी घाटभर झाडाझाडावर वानरं बसवली होती आणि ते स्वतः मोटारीत बसणार होते. त्यांनी भोपळे पाहिले.

"हे काय?"

"पाणी हाय, प्रधानजी. घाटात लागंल."

"उतरव."

"अवो, पण..."

"पाणी बरोबर घेतलेलं वानरांनी पाहिलं, तर ती म्हणतील मोटारीत बिघाड आहे. हिरव्यातल्या मोटारीला पाणी कशाला लागतं? आणि थांबायचंही नाही. थांबली की वानरं चर्चा करतात. उतरव म्हणतो ना!"

आवाज चढला होता. बुधाची पाठ वाकली, मान आत गेली, गुंडाळी होऊ लागली. भोपळे खाली उतरले. सावलीत ओळीनं ठेवले गेले. मोटार निघाली.

पहिल्या वळणावर काटा मध्यावर होता. दुसऱ्या वळणावर चढू लागला. तिसऱ्या वळणावर एक गोडसर, करपल्यासारखा वास यायला लागला. मागं गोदा कण्हत होती.

"हिरव्यात!" प्रधानजी खिडकीतून ओरडले. "हिरव्यात! हिरव्यात!" वानरांनी आरोळी झाडावरून झाडावर खाली दरबारापर्यंत पोहोचवली.

बुधानं गुंडाळीतून एक डोळा बाहेर काढला. "मानाजीदादा, आतल्या गरम हवेचा पंखा लाव. इंजिनातली धग थोडी आत यील."

"या उन्हाळ्यात गरम हवा?" प्रधानजी म्हणाले. "याला वेड लागलंय."

चौथं वळण. काटा वरच्या टोकाला टेकला. प्रधानजींच्या कपाळावर घाम आला. खरं सांगायचं तर तेही घाबरले होते. पण ते कबूल करायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. त्यांच्या भाषेत "हिरव्यात" हाच एक शब्द उरला होता.

आणि मुलांनो, तेवढ्यात चमत्कार झाला.

काटा थरथरला आणि खाली यायला लागला. भराभर आला. मध्य ओलांडला. थेट तळाला जाऊन गप्प बसला.

प्रधानजी सीटवर उभेच राहिले. "काटा खाली आला! इंजिन थंड! महाराजांना कळवा, भर उन्हाळ्यात, भर चढावर, इंजिन थंड!"

दरबारात नगारे वाजू लागले. घाटापर्यंत आवाज येत होता.

तेव्हा बुधा उलगडला. पुरता उलगडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतः आवाज चढवला. "थांबव! मानाजी, थांबव मोटार! अरं, काटा पाण्याची धग सांगतोय! पाणीच संपलं तर त्यो कुणाची सांगंल? आत कोरडं पडलंय! बंद कर!"

मानाजीचा पाय ब्रेककडे गेला.

"काटा थंड दाखवतोय आणि हा म्हणतो तापलंय," प्रधानजी म्हणाले. "मानाजी, तू काट्याचं ऐकणार की या खवल्याचं? मागं बाई अडलीय. चालव. जोरात चालव."

मागं गोदा किंचाळली. मानाजीला काही सुचेना. त्यानं पाय ब्रेकवरून काढला आणि दुसरीकडे दाबला.

शंभर पावलं मोटार पळाली. मग आत कुठंतरी "खाट्" असा आवाज झाला आणि इंजिन थांबलं. मानाजीनं चावी फिरवून पाहिली. काहीच हललं नाही. लोखंड लोखंडाला चिकटलं होतं.

मानाजी उतरला आणि वैद्यबुवांना आणायला पलीकडे धावत सुटला. वैद्यबुवा निरोप मिळताच निघाले, यात त्यांची काही चूक नाही.

मोटार थांबली तिथं झाड नव्हतं, सावली नव्हती. गोदानं पाणी मागितलं. पाणी खाली राहिलं होतं. बुधानं तिच्या डोक्यावर आपल्या अंगाची सावली धरली. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

ऊन कलताना पाडस जन्मलं. गोदानं त्याला चाटून चाटून उभं करायचा प्रयत्न केला. ते उभं राहिलं नाही. मला ही गोष्ट इथं सांगवत नाही, पण आपण पुढं जायला हवं, कारण दरबार पुढं गेला.

चार गव्यांनी मोटार ओढत आणून दरबारासमोर लावली. प्रधानजींनी महाराजांना अहवाल दिला. मोटार घाट चढली, काटा खाली आला आणि आजपर्यंत खालीच आहे. महाराजांना तळाला असलेला काटा आवडत नसे, म्हणून प्रधानजींनी त्याला नवा शब्द काढला होता. "काटा शांत!" शब्द महाराजांना पसंत पडला. मानाजीचं पहाटे उठणंही वाचलं.

बुधा मिस्त्रीचा दरबारात सत्कार झाला. इंजिन कायमचं थंड केल्याबद्दल. त्यानं तिथंच गुंडाळी केली आणि खांद्यावर घातलेली शाल घरंगळून खाली पडली. तो अजून उलगडलेला नाही.

गोदालाही शाल मिळाली. आता तिच्याकडे दोन आहेत.

वैद्यबुवा सतराव्या दिवशी पोहोचले. धापा टाकत त्यांनी विचारलं, "मोटारीला काय झालं होतं?"

"मोटारीला?" प्रधानजी म्हणाले. "काही नाही. हवं तर काटा बघा."

अजूनही रोज सकाळी आरोळी होते. "काटा शांत!" सगळे ओरडतात, "शांत!" गोदा जवळच उभी असते. ती ओरडत नाही. पण प्रधानजींनी तिच्याकडे बोट दाखवून महाराजांना सांगितलंय, की प्रजा आता किती शांत झाली आहे बघा.

तात्पर्य: मोटारीचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर घाबरून जाऊ नये. थांबू नये, पाणी घालू नये आणि मिस्त्रीला तर अजिबात विचारू नये. थोडा धीर धरावा. आतलं पाणी संपलं, की काटा आपोआप खाली येतो.