कौसल्याच्या दारातलं गाठोडं

देण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, असं छप्पन्न सालापर्यंत माझं ठाम मत होतं. माझं म्हणजे हेमचंद्र उजागरे याचं, मुक्काम भोईवाडा, परळ. छापखान्यात खिळे जुळवायचो. मूळचे आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. चाळीत ख्रिस्ती बिऱ्हाड आमचं एकच, बाकी सगळी कोकणातली गिरणीवाली मंडळी.

त्या वर्षी समोरच्या खोलीतला कोंडीराम संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. मागे बायको कौसल्या आणि तीन पोरं. तिची चूल एकाच वेळेला पेटते हे अख्ख्या चाळीला दिसत होतं, पण बाई मानी. चाळीतल्याच, समितीचं काम करणाऱ्या राजारामनं तांदूळ आणले, ते तिनं दारातूनच परत केले. माझी बायको ललिता पीठ घेऊन गेली, तर "वहिनी, आमचं भागतंय," म्हणून दार लोटून घेतलं.

नेमकं त्याच आठवड्यात रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं, की द्यावं तर गुपचूप द्यावं. मी बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं, की कौसल्याच्या दारात शिधा ठेवायचा आणि कुणालाही कळू द्यायचं नाही. ललितालासुद्धा नाही. इथेच घोटाळा झाला. तिला नुसतं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

एका पहाटे बायका नळावर गेल्या आणि मी कामाला लागलो. तांदूळ घेतले. कोकणी घर, म्हणून नारळ घेतला. कालवणाला हळद आणि सुक्या मिरच्या. पोरांना सरबत होईल म्हणून लिंबं. बांधायला ललिताच्या शिवणातलं तांबडं फडकं सापडलं. गाठोडं मोठं देखणं झालं. ते कौसल्याच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि घरी येऊन पांघरूण ओढून घेतलं. वरून देवदूत बघत असतील, या हिशेबानं चेहरासुद्धा जरा शांत केला.

तेवढ्यात बाहेर कळशी आपटल्याचा आवाज झाला.

बाहेर येऊन बघतो तर चाळ गोळा झालेली. कौसल्या पोरांना पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. गाठोड्याची गाठ सुटून लिंबं बाहेर आली होती, आणि चाळीतल्या सर्वांत वडील मीराबाई त्यांच्याकडे वाकून बघत होत्या.

"हात लावू नकात," त्या म्हणाल्या. "तांबडा फडका, नारळ, लिंबू, हळद. त्यात आज अवस. कोणीतरी करणी केल्यान."

अमावास्या! आमच्या घरच्या कॅलेंडरात रविवार तेवढे बघायचे. अवस-पुनव कोण बघतो?

"ते तिकडे तुरुंगात," कौसल्या पुटपुटली. "त्यांच्यावरच कुणीतरी..."

"ही सरकारची चाल आहे," राजाराम म्हणाला. "सत्याग्रहींच्या घरच्यांना घाबरवायचं."

"सरकार लिंबू कशाला ठेवील?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"संशय येऊ नये म्हणून."

मग मीराबाईंनी विचारलं, "काल नळावर कौसल्याक 'तुझा वाटोळा होईत' असा कोण म्हणाला?"

सगळ्या माना चंपाकडे वळल्या. चंपा एकटी राहायची. तिचा हंडा हातातच राहिला. "तिनं माझा नंबर मारला म्हणून बोलले. रागात माणूस बोलतंच की."

"हिला नळावर येऊ देऊ नका," कुणीतरी म्हणालं. "खोलीच सोडायला लावा," दुसरं कुणी म्हणालं. चंपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना.

"ते गाठोडं मी ठेवलंय," मी म्हणालो. "दान म्हणून."

ललितानं फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. राजारामनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उजागरे, तुमचं मन मोठं आहे. पण एका बाईला वाचवायला असं खोटं अंगावर घेऊ नका."

"खोटं नाही हो. आमच्या धर्मात गुपचूप द्यायला सांगितलंय."

"दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायलाही सांगितलंय. गेल्या नाताळला तुम्हीच समजावलं होतं."

समजावलं होतं खरं. पण आता चंपा उसळली. "म्हणजे पाप माझंच? आणि हे माझ्यासाठी कशाला पुढे येतायत? मी बोलावलं होतं?"

यावर काही बायकांनी ललिताकडे बघितलं, आणि ललितानं पुन्हा माझ्याकडे. लिंबं सरबतासाठी होती, असं मी सांगून बघितलं. त्यानं संशय कमी झाला नाही.

शेवटी मीराबाईंनी निकाल दिला. "कोणी केल्यान ता देव बघीत. आधी ह्या उचलूचा कोणी? उजागऱ्यांका भूत धरूचा नाय. त्यांचो देव वेगळो."

असं माझंच दान मी डोक्यावर घेऊन शिवडीच्या खाडीकडे निघालो. साक्षीला राजाराम, बराच मागे. काठावर पोचल्यावर त्यानं पाठ फिरवली, कारण उतारा टाकताना बघायचं नसतं. नारळ, लिंबं मी पाण्यात सोडली. तांदूळ टाकायला मात्र हात होईना, म्हणून ते सदऱ्याच्या आत कोंबले. परतताना राजाराम माझ्या वाढलेल्या पोटाकडे बघत होता.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणालो. पुढची सगळी वाट तो समोरच्या फुटपाथनं चालला.

दुपारी कौसल्या ताट घेऊन आली. भाकरी, कालवण आणि अख्खा बांगडा. "भावोजी, माझ्या पोरांवरचं तुम्ही अंगावर घेतलंत. नाही म्हणायचं नाही."

मी म्हणालोच. तिचा चेहरा पडला. "आमच्या हातचं चालत नाही का?"

मग बसलो जेवायला. इतका चवदार बांगडा मी आजवर खाल्लेला नाही, आणि इतका ओशाळून कधी जेवलेलोही नाही. त्या घरात त्या दिवशी काय उरलं असेल ते मला कळत होतं.

ती गेल्यावर ललितानं ताट घासलं. माझ्या सदऱ्यातून डब्यात गेलेले तांदूळ त्यात शिगेला भरले, वर डाळ, गुळाचा खडा ठेवला आणि भर दुपारी सगळ्यांच्या देखत गॅलरी ओलांडून गेली. "रिकामं ताट परत करायचं नसतं," एवढंच म्हणाली. कौसल्यानं ताट घेतलं. दुसऱ्या दिवशी ते घावने घेऊन आमच्याकडे आलं, आणि पीठ घेऊन परत गेलं. कोंडीराम सुटून येईपर्यंत ते ताट कुठल्याच एका घरी टिकलं नाही.

"हे तुला आधी का नाही सुचलं?" मी विचारलं.

"आधी तिच्याकडून कुणी काही घेतलं होतं का?" ललिता म्हणाली.

चंपाचा हंडा त्याच आठवड्यात कौसल्यानं आपल्या हातानं नळाखाली लावला. त्या दोघींचं जुळलं. माझ्याशी मात्र चंपा अजून बोलत नाही.

पुढच्या अवसेला दारावर थाप पडली. करी रोडहून एक गृहस्थ आले होते, टोपी हातात घेऊन. "भूत उचलणारे उजागरे इथंच राहतात ना? आमच्या दारात नारळ पडलाय."

मी नाही म्हणणार, तोच आतून ललिता म्हणाली, "राहतात. पिशवी घेऊन येतायत."

तेव्हापासून आमच्या घरी नारळ विकत आणावा लागलेला नाही. फक्त पाळकसाहेब भेटीला आले, की मी जमलेले नारळ खाटेखाली सरकवून ठेवतो.