अण्णा साव्यांच्या चरित्राची चौकशी

माणसाचं चरित्र कसं लिहावं, याबद्दल काशीनाथ मास्तरांचं एक ठाम मत होतं. ज्याचं लिहायचं त्याला शेवटी भेटावं. आधी शेजारीपाजारी, दुकानदार, जुने सोबती सगळ्यांना गाठावं. माणूस स्वतःबद्दल एक तर फुशारकी मारतो, नाही तर लाजतो. खरं काय ते गावच सांगतं. हे मत त्यांनी डहाणूच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकवलं होतं की, हेडमास्तरांनी एक दिवस ते त्यांच्याच गळ्यात बांधलं. शाळेच्या हुतूतूच्या सामन्यांना चिंचणीचे अण्णा सावे पाहुणे म्हणून येणार होते. एके काळी पालघरपासून उंबरगावपर्यंत अण्णांसारखा चढाईचा गडी नव्हता म्हणत. तर स्मरणिकेसाठी मास्तरांनी त्यांचं चरित्र लिहावं.

"संक्रांतीच्या आत देतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही कागद तेवढा चांगला घ्या."

हे अठ्ठावन्न सालच्या थंडीतलं. मास्तर रविवारी वाणगावला गाडीतून उतरले, एसटी पकडून चिंचणीला पोचले आणि अण्णांच्या घराकडे न जाता सरळ बाजारात शिरले. तिथे ठकी कोळीण सुके बोंबील घेऊन बसली होती. अण्णांच्या आळीत तिचा रोजचा फेरा असायचा, म्हणजे माहिती पक्की मिळणार. मास्तरांनी पेन काढलं आणि सांगितलं की, अण्णा साव्यांचं चरित्र कसं काय आहे ते जाणून घ्यायला मी डहाणूहून आलोय.

ठकीने पेनाकडे पाहिलं, मास्तरांच्या टोपीकडे पाहिलं आणि बोंबलांवर फडकं ओढलं.

"आमाला काय ठावं नाय," ती म्हणाली. "मानूस चांगला हाय."

मग ती टोपली उचलून बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मास्तरांना वाटलं, केवढा हा आदर! तिथून ते केशवलाल वाण्याकडे गेले. केशवलालने प्रश्न ऐकून आधी दुकानातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि हळू आवाजात विचारलं की, तुम्हाला कोणी पाठवलं. मास्तर म्हणाले, वरून सांगणं आहे. त्यांच्या मनात हेडमास्तर होते. केशवलालच्या मनात कोण आलं देव जाणे, पण तो गादीवर ताठ बसला. अण्णा एकदम सीधा माणूस, कधी कोणाच्या बाईकडे मान वर करून बघितलं नाय, असं त्याने न विचारता सांगून टाकलं. हुतूतूच्या चरित्रात हे कुठे घालायचं ते मास्तरांना कळेना. तरी त्यांनी लिहून घेतलं. ते लिहून घेतायत हे पाहून केशवलाल आणखी घाबरला आणि म्हणाला की, निदान आपल्या दुकानात तरी नाय बघितलं.

दिवसभर हेच चाललं. एकही माणूस खेळाबद्दल बोलेना. अण्णा दारू घेत नाहीत, अण्णांनी कोणाचा बांध सरकवला नाही, अण्णांच्या घरातून रात्री आरडाओरडा ऐकू येत नाही, अशा गोष्टींनी मास्तरांची पानं भरली. इतका निर्व्यसनी खेळाडू या किनाऱ्यावर झाला नसेल, असं मनाशी म्हणत मास्तर संध्याकाळच्या गाडीने परतले.

इकडे अण्णांच्या घरी काय झालं, ते मास्तरांना मागाहून कळलं. ठकी बोंबील द्यायला गेली तेव्हा मनोरमाकाकूंना म्हणाली की, डहाणूचा एक टोपीवाला तुमच्या मालकांचं चारित्र्य तपासत फिरतोय. काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मुलीचं, वासंतीचं, लग्न चिखल्याच्या हरेश्वर राऊतांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. पुढच्या रविवारी साखरपुडा. म्हणजे चौकशी राऊतांनीच लावली असणार. काकूंना आधी राग आला. मग राग ओसरल्यावर एक विचार आला आणि तो काही जाईना. चौकशी करायची तर मुलीची करतात. बापाच्या चारित्र्याची का?

अण्णा ओटीवर सुपारी कातरत होते. काकूंनी समोर उभं राहून विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

अण्णा फार कमी बोलायचे. उत्तर देण्याआधी प्रश्न नीट पारखून घ्यायची त्यांना सवय. आपण काय केलं, हे ते खरोखरच आठवू लागले. लहानपणापासून सुरुवात केल्यामुळे वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, काही आठवत नाही. पण तोवर काकू आत जाऊन उशीत तोंड खुपसून पडल्या होत्या. काही केलं नसतं तर माणसाला इतका वेळ लागला असता का?

तीन-चार दिवसांनी मास्तर चिखल्याला गेले. तलासरीच्या एका गाजलेल्या सामन्यात हरेश्वर राऊत अण्णांच्या विरुद्ध संघात होते, एवढं डहाणूत त्यांच्या कानावर आलं होतं. सोयरिकीचं कोणी सांगितलंच नव्हतं. राऊतांनी चिकूच्या वाडीतून येऊन त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मास्तर म्हणाले, "अण्णा साव्यांच्या चरित्राबद्दल तुमच्याकडून ऐकायचंय. बरंवाईट जे असेल ते."

राऊतांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "वाईट म्हणजे?"

"सगळंच लिहावं लागतं. मला मुख्य हवंय ते तलासरीचं."

"तलासरीचं काय?"

"असं काय करता? तुम्ही स्वतः होतात ना तिथं? लोक अजून बोलतात त्याबद्दल."

हरेश्वर राऊतांनी डोकं खाजवलं. तलासरीला ते जन्मात दोन-चारदा गेले असतील, कधी गवत घ्यायला, कधी बैल बघायला. एकदा हुतूतूचा सामनाही झाला होता, पण त्या घटकेला तो काही त्यांना आठवला नाही. आतल्या दाराच्या आड बांगड्या वाजल्या. अहिल्याबाई तिथे उभ्या होत्या. होणारा व्याही तलासरीत काहीतरी करून बसलाय आणि आपला नवराही तिथे हजर होता, एवढं त्यांनी ऐकलं होतं. ते त्यांना पुरेसं होतं. आज जरा बरं वाटत नाही, असं सांगून राऊतांनी मास्तरांना घालवलं. मास्तरांना मात्र चेव आला. नक्कीच तलासरीत काहीतरी मोठं घडलं असणार!

आता स्वतः अण्णांना भेटायला हरकत नव्हती. साखरपुड्याच्या रविवारी सकाळी, अर्थात साखरपुड्याचा पत्ताच नसताना, मास्तर चिंचणीला अण्णांच्या दारात उभे राहिले. आत पाहतात तो सतरंजीवर एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला हरेश्वर राऊत, आणि मध्ये कोणीच हात न लावलेलं पेढ्यांचं ताट. मनोरमाकाकूंचे डोळे सुजलेले, अहिल्याबाईंचे ओठ आवळलेले. वासंती आतल्या चौकटीला धरून उभी होती. नव्या लुगड्यात, पण चेहरा उतरलेला. राऊत साखरपुडा करायला नाही, तर पुढे ढकलायला आले होते.

"हाच तो टोपीवाला," काकू म्हणाल्या.

"तुम्हीच पाठवला होतात ना?" अण्णांनी राऊतांना विचारलं.

"आम्ही? आम्हाला वाटलं, तुमच्यावर सरकारी चौकशी आलीय."

सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तरांना वाटलं, आपण चुकीच्या घरात आलो. ते नमस्कार करून मागे वळणार, तेवढ्यात अण्णा उठले. साठीला आलेला माणूस, पण मनगट अजून पाटीसारखं रुंद. त्यांनी मास्तरांना दंडाला धरून आत आणून बसवलं.

"साहेब," ते म्हणाले, "आठवडा झाला, ही माझ्याशी बोलत नाही. माझ्या चारित्र्यात काय सापडलं ते एकदा सांगून टाका. मलाही कळू दे."

"चरित्र तर अजून लिहायचंय," मास्तर पानं चाळत म्हणाले. वासंती चौकटीजवळून पुढे आली. ती सातवी पास होती.

"साहेब, तुम्हाला चरित्र म्हणायचंय की चारित्र्य?"

मग हळूहळू उलगडा झाला. स्मरणिका, सामने, हेडमास्तर, पाहुणे. काकू रडता रडता हसू लागल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या. अहिल्याबाई त्यांच्यामागून चहाला मदत करायला गेल्या. राऊतांनी एक पेढा अण्णांच्या हातावर ठेवला, एक मास्तरांच्या आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. वासंतीच्या चेहऱ्यावर रंग परतला. इथेच मास्तरांनी थांबायला हवं होतं. पण त्यांनी पेन काढलं.

"तर मग अण्णा, तलासरीचा तो सामना."

अण्णा खुलले. इतके दिवस कोणीच त्यांना खेळाचं विचारलं नव्हतं. ते सांगू लागले की, आमच्याकडून मी एकटाच उरलो होतो. चढाई केली, या हरेश्वराला शिवलो आणि दम न सोडता मधल्या रेषेवर परतलो.

राऊतांनी पेढा घाईघाईने गिळला. "परतलो? मी घोटा धरला होता तुमचा."

"धरला होतात. पण माझा हात रेषेला लागला होता."

"लागला तेव्हा दम कुठे होता? दम केव्हाच सुटला होता. सगळ्या तलासरीने ऐकलं."

"तलासरीने ऐकलं असेल. पंचाने नाही ऐकलं."

"पंच तुमचा आतेभाऊ होता."

पंचाने निकाल देण्याआधीच तेव्हा लोक मैदानात घुसले होते आणि सामना तिथेच मोडला होता. तो आता घरात पुन्हा सुरू झाला. अण्णा सतरंजीवर आडवे होऊन हात कुठे होता ते दाखवू लागले. राऊतांनी तो घोटा पुन्हा धरला आणि सोडेचनात. पेढ्यांचं ताट लाथेने दाराबाहेर गेलं. राऊत म्हणाले, जो माणूस सुटलेला दम कबूल करत नाही, त्याच्या घरची मुलगी मला नको. अण्णा म्हणाले, जो घोटा धरून खोटं बोलतो, त्याच्या घरी मी मुलगी देतच नाही.

चहा घेऊन बाहेर आलेल्या दोघी विहिणी दारातच खिळल्या. मग मनोरमाकाकूंनी कपबश्या खाली ठेवल्या, पुढे होऊन राऊतांची बोटं एकेक करून घोट्यावरून सोडवली आणि म्हणाल्या की, बायकांच्या भानगडी नाहीत एवढं कळलं, मला पुरे झालं. आता ज्याला खेळायचंय त्याने अंगणात जावं. इथे कुंकू लावायचंय. अहिल्याबाईंनी नवऱ्याचं उपरणं झटकून खांद्यावर ठेवलं आणि त्याला पाटावर बसवलं.

साखरपुडा झाला. दोन्ही व्याही एकमेकांकडे पाठ फिरवून पानं खात होते, पण झाला. लग्न वैशाखात धरलं.

निघताना वासंती मास्तरांना पायरीपर्यंत सोडायला आली. हात जोडून म्हणाली, "मास्तर, जे लिहायचंय ते लिहा. पण तो सामना कोण जिंकलं ते तेवढं लिहू नका."

मास्तरांनी शब्द पाळला. स्मरणिका निघाली तेव्हा अण्णांचं चरित्र अर्ध्या पानाचं होतं. जन्म, गाव, निर्व्यसनी स्वभाव, आणि शेवटी एक वाक्य: "तलासरीचा सामना अत्यंत चुरशीचा झाला." हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं, पान उलटून मागे काही आहे का पाहिलं, आणि मास्तरांना बोलावलं.

"अहो, एवढ्या चुरशीचा सामना, आणि निकालच नाही?"

"लागतोय की सर," काशीनाथ मास्तर म्हणाले. "वैशाखात. तुम्हालाही आमंत्रण आहे."